आजी माजी सदस्यांसाठी राखीव

तळेघरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून आमच्या गावी बाजाराला येणाऱ्या एका म्हातारीला, संक्रांतीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत, मोकाट कुत्र्यांच्या विषयावर चर्चा चालू असताना, खुर्चीवरून उठवण्यात आलं. खुर्ची रिकामी होती. म्हातारी पहाटेपासून पायांवर होती. उठवणाऱ्याने कारण म्हणून नुसतं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

एवढं मी त्याच संध्याकाळी लिहून काढलं होतं. पत्रकाची सुरुवात अशीच करायची असते. अन्याय कोणावर, कधी, कुठे. मग कोणी केला. मग मागणी. शेवटी ‘आपले नम्र’ घालायचं नाही, कारण आपण नम्र नसतो. पण दुसरा परिच्छेद लिहायला घेतला आणि मला हसू फुटलं. हसत हसत पत्रक लिहिता येत नाही. ते तसंच राहिलं. आज सविस्तर लिहिते आहे, कारण आज पुन्हा राग आलाय.

मी मूळची लोणीकडची. आंबेगावचा पूर्व भाग, कांद्याचा. शिक्षण आटोपलं आणि या बाजाराच्या गावी डीटीपीच्या दुकानात कामाला लागले. गावाचं नाव लिहीत नाही. जुन्नर-आंबेगावात कुठेही असू शकेल असं गाव आहे. दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. त्यांचे आजोबा-पणजोबा राजस्थानातून कापड विकायला आले होते, पण शेठची मराठी अशी की तिकडच्या लग्नात त्यांचेच नातेवाईक त्यांना ‘महाराष्ट्राचे पाहुणे’ म्हणून चिडवतात. दुकानात लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, फ्लेक्स, रबरी शिक्के आणि पत्रकं. भांडणारा कुठल्याही बाजूचा असो, पत्रक आमच्याकडेच टाइप व्हायचं. सकाळी एका गटाचा निषेध, दुपारी दुसऱ्याचा खुलासा. दुसऱ्यांचा राग शुद्धलेखन तपासून टाइप करता करता मला स्वतःचा राग लिहायला यायला लागला. मग आम्ही काही पोरापोरींनी मिळून आमची पत्रकं काढायला सुरुवात केली. शेठ छपाईत सूट द्यायचे आणि वर म्हणायचे, “ताई, माझं नाव खाली टाकू नका, एवढं करा.”

पत्रकं काढतो तर सभांना तरी बसावं, म्हणून आम्ही नगरपरिषदेच्या सभांना जाऊ लागलो. सभा सगळ्यांना खुली असते. हे कायद्यात आहे, आणि कुणालाच माहीत नाही. पहिल्या दिवशी शिपाईभाऊंनी विचारलं, “कुणाकडं आलात?” मी म्हटलं, “सभेकडे.” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मला वाटलं होतं, आत काळी कारस्थानं शिजत असतील. आत काय चालायचं, तर घंटागाडीचं गाणं बदलावं का, कारण एका आळीतली तान्ही पोरं त्या गाण्याने दचकून उठतात. डासांच्या धुराचं मशीन आधी कुठल्या गल्लीत गेलं. स्मशानभूमीतला दिवा कोण बंद करतं. कुणीतरी देवाच्या नावाने सोडलेला वळू भाजीबाजारात शिरतो, त्याला आवरणार कोण आणि त्याच्या देवाला सांगणार कोण. एक सदस्य आपल्या प्रभागातल्या गटारीबद्दल असे बोलायचे, जसं सासरी त्रासात असलेल्या लेकीबद्दल माणूस बोलतो. मी गेले होते दात-ओठ खायला. पण खरं सांगायचं तर मला ती माणसं हळूहळू आवडायला लागली. राग कमी झाला नाही. राग आणि आवड दोन्ही एकाच बाकावर बसायला शिकले.

माइक कायम खरखरायचा नाहीतर मरायचा. मागच्या बाकावर आम्हाला काही कळायचं नाही. एकदा मी ओरडून सांगितलं, ऐकू येत नाही. तर बाजारतळाच्या प्रभागाचे नगरसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, ते म्हणाले, “खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्यांना कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं ऐकू येतंय, आन् तुमाला इथलं येत नाय?” सगळं सभागृह हसलं. मीही हसले. मग मी त्यावर पत्रक काढलं.

त्या सभागृहात भिंतीकडेला टॉवेल टाकलेल्या गुबगुबीत खुर्च्यांची एक रांग होती आणि वर पाटी. ती पाटी आमच्याच दुकानात झाली. ‘आजी-माजी सदस्यांसाठी राखीव’ असा मजकूर आला होता. आजी म्हणजे सध्याचे, माजी म्हणजे मागचे. आजी सदस्य खरं तर मधल्या टेबलाभोवती बसायचे. या खुर्च्यांवर बसायचे ते माजीच. पण नुसतं ‘माजी’ लिहिलेलं कुणाला आवडत नाही. एका ओळीत मावेना म्हणून शेठनी दोन ओळी करायला सांगितल्या. वर मोठ्या अक्षरात ‘आजी माजी’, खाली बारीक ‘सदस्यांसाठी राखीव’. मधली आडवी रेघ त्या गडबडीत गेली. कुणाचं काही अडलं नाही.

म्हातारी आमच्या दुकानाच्या पायरीखाली बसायची. मंगळवारचा बाजार. पुढे गोणपाट, त्यावर नाचणी, हातसडीचा तांदूळ, थोडे हिरडे, पावसाळ्यात रानभाज्यांच्या जुड्या. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत डोक्यावर ओझं घेऊन चालत यायचं, मग एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. परतीची गाडी संध्याकाळची. मधला सगळा दिवस पायरीखाली. भावात एक पैसा कमी करायची नाही. कुणी नाचणी हातात घेऊन नाक मुरडलं की म्हणायची, “ठेव भाऊ, तुज्या पोटाला न्हाई सोसायची.”

तिला माझी पत्रकं फार आवडायची. पुड्या बांधायला. “पोरी, नवा कागद निघाला का? मागचा पातळ व्हता, दाणं सांडलं.” पण बांधायच्या आधी ती ते वाचायची. म्हातारपणी, अंगणवाडीच्या खोलीत मोठ्यांचा वर्ग भरायचा त्यात बसून ती अक्षरं शिकली होती, आणि तेव्हापासून दिसेल ते वाचत सुटली होती. दुकानांच्या पाट्या, गुटख्याच्या पुड्या, एसटीतल्या सूचना. सगळं मोठ्याने, एकेक अक्षर सोडवत. “जा-हीर नि-षेध.” मग मान वर करून विचारायची, “कुणाचा गं?” मी म्हणायचे, सगळ्यांचाच. “लई राग राग करतीस,” ती म्हणायची. “कोण करंल तुला?”

दुकानात चहा यायचा तेव्हा मी एक कप तिच्यापुढे ठेवायचे. ती कधी घ्यायची नाही. मी आधी समजले, उपास असेल. मग समजले, चहा सोसत नसेल. मग माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं, आपल्या हातचं चालत नसेल का, आणि त्यावरही मनातल्या मनात पत्रक जुळवून झालं. शेवटी न राहवून विचारलंच. आजी, माझा चहा का घेत नाहीस?

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “घेतला तर मुताया कुठं जाऊ? तुज्या कागदावर?”

मग मी बघायला लागले. घरून निघताना दोन घोट पाणी, ते परत घरी पोचेपर्यंत. बरोबर बाटली असायची, पण ती भाज्यांवर शिंपडायला. रांगेतल्या सगळ्याच बायकांचं तसं. मी दिवसातून दोन-तीनदा वर शेठच्या घरी जायचे. तिलाही म्हटलं, चल. ती म्हणाली, बाजाराच्या पायांनी कुणाच्या स्वयंपाकघरातून जायचं का, आणि ही बाकीची सगळी रांग कुणाच्या घरात नेणार आहेस?

बाजारतळाच्या मागे बायकांचं स्वच्छतागृह होतं. गुलाबी रंगाचं, दारावर साडीतल्या बाईचं चित्र. फीत कापून झाली होती, कोनशिला बसली होती, पेढे वाटून झाले होते. आणि दाराला कुलूप होतं. किल्ली कुठे म्हणून विचारलं तर ठेकेदाराकडे. ठेकेदार म्हणाला, आरोग्य विभागाकडे. आरोग्य विभाग म्हणाला, अजून हस्तांतरणच झालेलं नाही. म्हणजे बांधणाऱ्याने ते रीतसर नगरपरिषदेच्या ताब्यात दिलेलं नाही, म्हणून तिथे झाडायला माणूस नेमता येत नाही, आणि झाडायला माणूस नाही म्हणून ते उघडता येत नाही.

कार्तिकात म्हातारी काही बाजार आलीच नाही. आली तेव्हा हडकली होती. लघवीला आग, ताप, सरकारी दवाखान्यात सलाइन. डॉक्टर ओरडला होता की दिवसभर पाणी प्यायचं. तिने त्याला सांगितलं, पिते की, बाजाराचा दिवस सोडून. घरी मुलगा-सून म्हणाले, आता बाजार बंद. नाचणी रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला घालू. तिला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. मी म्हटलं, घरी आराम तरी मिळेल. “घरी कोण बोलतंय माज्याशी?” ती म्हणाली. “टीव्ही बोलतो. त्यो बी हिंदीत.”

संक्रांतीचा बाजार करीन, आणि मग एकदा निरोप सांगायला येईन, असं ती म्हणाली. एवढंच होतं सगळं. एक कुलूप. ते निघालं तर म्हातारी बाजाराला येणार, नाही निघालं तर नाही.

मी अर्ज दिला. विषयपत्रिकेवर विषय आला नाही. भाऊंना गाठलं. ते चांगले वागले, चहा मागवला. म्हणाले, “ताई, तुमचं बरोबर हाय. पर ही बाई आपल्या हद्दीतली नाय. मतदार यादीत नाय, घरपट्टी नाय. उद्या सगळा डोंगर इथं येईल.” मी म्हटलं, मुतायला हद्द लागते का? भाऊ इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, “पोरीच्या जातीनं असं बोलू नये, राव.” चहा मी प्यायले नाही. पहिल्यांदाच मला कळलं, समोर ठेवलेला चहा न पिणं किती अवघड असतं.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी म्हातारी आली. माल थोडासाच होता. मला म्हणाली, सांगाया आले. त्या महिन्याची सभा नेमकी त्याच दिवशी होती, एरवी बाजाराच्या दिवशी घेत नाहीत. माझ्या डोक्यात काही बेत नव्हता. हे ठरवणारी माणसं हिने एकदा बघावीत आणि त्यांनी हिला, एवढंच वाटलं. म्हटलं, आजी, चल माझ्याबरोबर. तिने शेजारणीला मालावर लक्ष ठेवायला सांगितलं, हात पदराला पुसले, पदर नीट खोचला आणि निघाली.

शिपाईभाऊंनी मला दारातच थांबवलं, मोबाइल बंद करून दाखव म्हणून. तेवढ्यात ती पुढे गेली. मी दारातून बघत होते. तिने सभागृहभर नजर फिरवली, भिंतीवरची पाटी ओठ हलवत वाचली, आणि सरळ जाऊन टॉवेलच्या पहिल्या खुर्चीत बसली. पाय वर घेऊन, मांडी घालून, पिशवी मांडीत.

टेबलावर मोकाट कुत्री चालली होती. दोन प्रभागांच्या हद्दीवरचं कुत्रं कुणाचं, असा मुद्दा होता. इतक्यात एक माजी सदस्य आले. त्यांची ती खुर्ची ठरलेली. ते खुर्चीपुढे उभे राहिले आणि खाकरले. म्हातारीने त्यांच्याकडे बघून मान हलवली, ओळखीचं कुणी असावं तशी. शिपाईभाऊ मला सोडून धावले.

“आजी, उठा तिथनं.”

“का?”

“राखीव हाय.”

“म्हाईत हाय. वाचलंय.”

“कुणासाठी राखीव हाय ते वाचा की.”

तिने बोट वर केलं आणि एकेक अक्षर दाखवत मोठ्याने वाचलं. “आ-जी. मा-जी.” मग शिपाईभाऊंकडे वळून, लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, “आजीच लिवलंय की रं. कुणीतरी लई मायेनं लिवलंय. आजी माजी.”

आमच्याकडे माझीला माजीच म्हणतात. माजी आई, माजी शेळी, माजी नात. तिने वाचलं होतं ते असं: आजी, माझी. या कचेरीतल्या कुणातरी पोराला आपली आजी आठवली असणार, आणि त्याने म्हाताऱ्या बायांसाठी मऊ खुर्च्या राखून ठेवल्या. खालच्या ओळीतला ‘राखीव’ शब्द तर तिला एसटीमुळे पाठच होता. राखीव म्हणजे आपण बसायचं. माझ्या हातची पाटी तिच्याइतक्या विश्वासाने आजवर कुणी वाचली नव्हती.

सभागृह हसलं. दुष्टपणे नव्हे. पण हसलं. शिपाईभाऊंनी पुन्हा पाटीकडे बोट दाखवलं आणि कोपराला धरून तिला उठवलं. ती उठली. उठताना तिने खुर्चीवरचा विस्कटलेला टॉवेल सारखा केला, कडेला कड जुळवून. ते बघून माझ्या डोक्यात जाळ झाला. मी ओरडायला सुरुवात केली, जाहीर निषेध वगैरे. मुख्याधिकारी शांतपणे म्हणाले, प्रेक्षकांना बोलता येत नाही, बाहेर काढावं लागेल. ते माजी सदस्य बिचारे अवघडून म्हणत होते, बसू द्या हो, मी उभा राहतो. पण तोवर म्हातारी माझा हात धरून मागच्या बाकाकडे निघालीही होती.

बाकावर बसल्यावर तिने पाटी पुन्हा एकदा वाचली. “मग ती कुणाची आजी?” तिने विचारलं.

मी सांगितलं. आजी म्हणजे म्हातारी नव्हे. आजी म्हणजे आज असलेले. माजी म्हणजे होऊन गेलेले, पहिले होते ते. टेबलावर नगराध्यक्षा कुत्र्यांच्या नसबंदीवर बोलत होत्या. त्याच क्षणी माइक मेला. त्या बोलायच्या थांबल्या, सगळे माइककडे बघू लागले, आणि त्या शांततेत म्हातारी मला म्हणाली, आपल्या बाजारच्या आवाजात, कारण तिच्याकडे दुसरा आवाजच नव्हता:

“मंग मी आजीच की. आज हाय. फुडल्या मंगळवारी माजी.”

सगळ्यांना ऐकू गेलं. या वेळी कुणी हसलं नाही. नगराध्यक्षांनी मागे बघितलं आणि विचारलं, “का हो आजी? पुढच्या मंगळवारी का नाही?” मुख्याधिकाऱ्यांनी वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. नियम असणार. नगराध्यक्षा म्हणाल्या, ठीक आहे, मग चहासाठी सभा थांबवूया. सभा थांबली म्हणजे बोलायला बंदी नाही. मला आजही वाटतं, त्या गावाच्या कारभारात तेवढी हुशारी मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिली नाही.

चहा आला. शिपाईभाऊंनी पहिला कप म्हातारीपुढे धरला. नजर देत नव्हते.

“न्हाई घेत.”

नगराध्यक्षा तोवर उठून आमच्या बाकापाशी आल्या होत्या. “घ्या आजी, आमचा चहा चांगला असतो.”

“आसंल. पर घेतला की जावं लागतं.”

“कुठं?”

“त्येच तर इचाराय आले.”

नगराध्यक्षांना लगेच कळलं. पुरुषांना जरा वेळ लागला. टेबलाच्या टोकाला एक नगरसेविका बसायच्या. इतक्या सभांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्या वतीने त्यांचे मालकच भिंतीकडच्या खुर्चीतून बोलायचे. त्यांनी आपला कप टेबलावर पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “मीपण घेत नाही इथं. सभा असली की सकाळपासून पाणीच पीत नाही.” त्यांचे मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या एक म्हणाल्या, आपल्या इथलं बायकांचं तर स्टोअर रूम केलंय, त्यात धुराचं मशीन ठेवलंय. मग मी टेबलावर बघितलं. बायकांपुढचे कप सगळे भरलेले होते, नगराध्यक्षांचाही. पुरुषांचे रिकामे. दर सभेला ते तसेच असणार. मी इतके महिने मागच्या बाकावर बसून भ्रष्टाचार शोधत होते.

सभा पुन्हा सुरू झाल्यावर ऐनवेळचे विषय निघाले. भाऊ मान चोळत उठले आणि त्यांनीच विषय मांडला: बाजारतळावरील महिला स्वच्छतागृह खुले करणे. हद्दीचं नाव काढलं नाही. अनुमोदन दिलं त्या टोकाच्या बाईंनी, उभं राहून, स्वतःच्या तोंडाने. मुख्याधिकारी म्हणाले, हस्तांतरणाची प्रक्रिया व्हावी लागेल. नगराध्यक्षा म्हणाल्या, “प्रक्रिया होऊ द्या. कुलूप आज काढा.” सर्वानुमते मंजूर.

किल्ली अर्थातच कुणाकडे नव्हती. शिपाईभाऊंनी घण आणला आणि कुलूप फोडलं. एका घावात नाही फुटलं, घाम निघाला त्यांचा. आत उद्घाटनाचा फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला, सुकलेले हार, आणि कबुतरांचा संसार. शेठनी पाण्यासाठी पिंप दिलं. या वेळीही नाव टाकू नका म्हणाले.

पुढल्या मंगळवारी म्हातारी आली. गोणपाट पसरायच्या आधी मागे गेली, दारावरची पाटी वाचली, “म-हि-ला,” आणि इथं तरी नक्की आपण आहोत ना, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती आत गेली. बाहेर आली ती चेहऱ्यावर काही न दाखवता. पायरीशी येऊन टेकली आणि म्हणाली, “आण तुजा चहा.”

बशीत ओतून, फुंकर घालून, ती तो प्यायली. मग आणखी एक. “साखर लई टाकतीस,” म्हणाली. मी शटरला टेकून उभी होते. एका बाईला चहा पिताना बघून कुणाचे डोळे भरून येतात का? माझे आले. तिने ते बघितलं आणि म्हणाली, आता यावर नको कागद काढूस.

पुढे त्या सदस्यांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. एका दिवसात सगळेच माजी झाले, आजी कुणी उरलं नाही. सभा बंद. साफसफाईचा ठेका संपला तसं गुलाबी दाराला नवं कुलूप आलं. म्हातारी म्हणाली, चल, इचारू. गेलो तर सभागृह रिकामं, टेबलावर धूळ, आणि शिपाईभाऊ एकटे फायलींची गाठोडी बांधत होते. पाटी जागेवर होती. म्हातारी दारात थांबली. शिपाईभाऊंनी खांद्यावरच्या फडक्याने पहिली खुर्ची झटकली.

“बसा आजी,” ते म्हणाले. “आता आजी तुमी एकट्याच.”

ती बसली. मांडी घालून. त्यांनी काही न विचारता खिशातून किल्ली काढून दाखवली. त्या मंगळवारपासून, कुणाचाही आदेश नसताना, बाजाराच्या दिवशी ते सकाळी कुलूप काढायचे आणि संध्याकाळी लावायचे. अशी वर्षं गेली. म्हातारीचा बाजार चुकला नाही. नावं ठेवायची तिची सवय गेली नाही. माझं लग्न अजून झालेलं नाही, हे ती दर मंगळवारी सगळ्या रांगेला सांगते.

आता निवडणुका झाल्या आहेत. टेबलाभोवती नवे लोक आलेत. आणि गेल्या महिन्यात शिपाईभाऊ निवृत्त झाले. किल्ली त्यांनी रीतसर जमा केली. कुणाकडे, ते कचेरीत कुणाला सांगता येत नाही. परवाच्या मंगळवारी मी चहा नेला तर म्हातारीने हातानेच नको म्हटलं. बाटलीतलं पाणी जुड्यांवर शिंपडलं. काही बोलली नाही. मला तिचं बोलणं सोसतं, हे सोसत नाही.

म्हणून मागणी. ती नगरपरिषदेकडे नाही, तुमच्याकडे आहे. या महिन्याच्या सर्वसाधारण सभेला या. सभा सगळ्यांना खुली असते. लांब राहत असाल तर आपल्या गावच्या सभेला जा, तिथेही एक कुलूप असेल. घरातली, शेजारची, बाजारातली म्हातारी बरोबर घ्या आणि तिला भिंतीकडच्या मऊ खुर्चीत बसवा. कुणी पाटीकडे बोट दाखवलं तर तिला ती मोठ्याने वाचू द्या. समोर येईल तो चहा घ्या, संपवा, आणि मग भर सभेत उभं राहून विचारा, आता जायचं कुठे?

आणि घरून निघताना पोटभर पाणी पिऊन या.